विश्लेषण : एचआरसीटीचा ‘स्कोअर’ ज्यांच्यामुळे शक्य झाला, ते गॉडफ्रे हाउन्सफील्ड कोण होते?

एप्रिल २०२१. करोनाच्या दुसऱ्या लाटेत नांदेड जिल्हा नुकताच २५ मार्च ते ४ एप्रिलच्या टाळेबंदीतून बाहेर आला होता आणि लातूरमध्येही खाटा मिळेनाशा झाल्या होत्या. त्या दिवसांत घरोघरी फोनवर एकच विचारणा होत असे, स्कोअर किती आला? एचआरसीटीचा अहवाल रुग्णाच्या आधी नातेवाइकांच्या मोबाइलवर पोहोचायचा. २५ पैकी ७ आला की घर सुस्कारा टाकायचे, १८ आला की इंजेक्शन आणि ऑक्सिजनसाठी धावपळ सुरू व्हायची.

छातीच्या आतल्या आजाराला असा आकडा देता येतो, ही गोष्ट मुळात शक्य केली ती इंग्लंडमधल्या एका अभियंत्याने. सर गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे त्यांचे नाव. ते डॉक्टर नव्हते, त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवीही नव्हती, तरीही वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. त्यांचे आयुष्य समजून घेतले की स्कोअरचा आकडा कसा वाचायचा आणि कुठे जपून वाचायचा, हेही समजते.

शेतावरचा मुलगा यंत्रांकडे कसा वळला?

गॉडफ्रे न्यूबोल्ड हाउन्सफील्ड यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१९ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातील नेवार्क इथे झाला. वडील शेतकरी. पाच भावंडांत गॉडफ्रे सर्वांत धाकटे. मोठी भावंडे आपापल्या खेळात, त्यामुळे या मुलाचा वेळ शेतावरच्या यंत्रांच्या सोबतीत जायचा. मळणीयंत्र, कापणीचे यंत्र, वीज निर्माण करणारे जनरेटर, जे दिसेल ते कसे चालते हे पाहायचे आणि जमल्यास खोलून पाहायचे.

घरी बनवलेले ग्लायडर घेऊन त्यांनी गवताच्या गंजीवरून उडीही मारली. डांबराच्या रिकाम्या पिंपात पाणी भरायचे, त्यात ॲसिटिलीन वायू सोडायचा आणि पिंप किती उंच उडते ते पाहायचे, असेही उद्योग केले. जीव वाचला हे नशीब. शाळेत मात्र गणित आणि भौतिकशास्त्र सोडले तर इतर विषयांत त्यांचे मन रमले नाही.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ते ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले. तिथे रडारशी ओळख झाली. दूरवर पाठवलेली लहर परत येते, त्या परत आलेल्या लहरीवरून न दिसणारी वस्तू कुठे आहे ते ओळखायचे, हे रडारचे तत्त्व. न दिसणाऱ्या गोष्टीचा माग मोजमापावरून काढायचा, हा धडा त्यांना पुढे आयुष्यभर पुरला. क्रॅनवेलच्या रडार शाळेत ते शिकवूही लागले. त्यांच्या कामावर खूश झालेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने प्रयत्न करून त्यांना शिक्षणासाठी अनुदान मिळवून दिले. युद्धानंतर त्यांनी लंडनच्या फॅरडे हाउस या अभियांत्रिकी संस्थेतून पदविका घेतली. त्यांचे औपचारिक शिक्षण एवढेच.

गाण्यांच्या कंपनीत क्ष-किरणांचे काम कसे सुरू झाले?

१९५१ मध्ये हाउन्सफील्ड ईएमआय या कंपनीत रुजू झाले. लोकांना ही कंपनी ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळे ठाऊक होती आणि पुढे बीटल्सची गाणीही तिनेच बाजारात आणली. मात्र तिच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची मोठी प्रयोगशाळाही होती. तिथे त्यांनी आधी रडारवर आणि मग संगणकावर काम केले. १९५८ च्या सुमारास तयार झालेला एमिडेक ११०० हा पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा ब्रिटनमधील सुरुवातीचा संगणक त्यांच्याच नेतृत्वाखाली उभा राहिला.

त्यानंतर हाती घेतलेला संगणकाच्या स्मृतीचा एक प्रकल्प व्यापारी दृष्टीने परवडेना म्हणून बंद पडला. कंपनीने त्यांना काढले नाही. नवे काय करता येईल याचा विचार करायला मोकळीक दिली. १९६७ मध्ये त्या मोकळिकीतून सीटी स्कॅनची कल्पना आली.

कल्पना ऐकायला साधी आहे. एक बंद खोके आहे. ते उघडायचे नाही. पण सर्व बाजूंनी त्यातून किरण आरपार पाठवले आणि प्रत्येक किरण किती अडला ते मोजले, तर आत कुठे काय आहे हे गणिताने काढता येईल का? साध्या क्ष-किरण चित्रात पुढची बरगडी, हृदय, फुप्फुस आणि पाठीचा कणा यांच्या सावल्या एकमेकांवर पडतात. हाउन्सफील्ड यांना सावल्या नको होत्या. शरीराची पावाच्या कापासारखी एकेक चकती वेगळी करून, त्या चकतीतल्या प्रत्येक बारीक चौकोनाला स्वतःचा आकडा द्यायचा, हा त्यांचा विचार होता.

बीटल्सच्या कमाईतून सीटी स्कॅन जन्माला आला, अशी एक गोष्ट फार फिरते. ती अर्धवट आहे. या संशोधनाच्या खर्चाचा मोठा भार ब्रिटनच्या आरोग्य खात्यानेही उचलला होता. एका अभियंत्याची विचित्र वाटणारी कल्पना सरकारी खात्याने ऐकून घेतली आणि त्यांची क्ष-किरण तज्ज्ञांशी गाठ घालून दिली.

पहिल्या प्रयोगात आकडा का फसला?

पहिले यंत्र जुळवाजुळव करून बनवले होते. लोखंडकाम करणाऱ्या लेथचा सांगाडा, त्यावर सरकणारा गॅमा किरणांचा स्रोत, समोर किरण मोजणारे उपकरण. एक फेरी झाली की वस्तू एक अंशाने फिरवायची आणि पुन्हा मोजायचे. एका चित्रासाठी २८ हजार मोजमापे. किरण क्षीण असल्याने एका स्कॅनला नऊ दिवस लागले आणि आकडेमोडीला संगणकाचे अडीच तास. गॅमा स्रोताच्या जागी क्ष-किरणांची नळी बसवल्यावर नऊ दिवसांचे नऊ तास झाले.

आधी मानवी मेंदूचा जतन करून ठेवलेला नमुना तपासला. चित्र अपेक्षेपेक्षा सुंदर आले. मेंदूचा करडा आणि पांढरा भाग वेगळा दिसला. आनंद मात्र फार टिकला नाही. नमुना ज्या फॉर्मलिनमध्ये ठेवला होता, त्या रसायनामुळेच आकडे वाढून येत होते आणि फरक खऱ्यापेक्षा ठळक दिसत होता. यंत्राने चूक केली नव्हती. समोर ठेवलेली वस्तूच जिवंत मेंदूसारखी नव्हती. हाउन्सफील्ड यांनी ते यश मिरवले नाही. खाटकाकडून बैलाचे ताजे मेंदू आणून सारे पुन्हा ताडून पाहिले. फरक कमी ठळक निघाला, पण खरा निघाला.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचे स्कॅन झाले. मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेली ती एक महिला होती. तिथले क्ष-किरण तज्ज्ञ डॉ. जेम्स ॲम्ब्रोज हे हाउन्सफील्ड यांच्या सोबत होते. ८० गुणिले ८० चौकोनांचे ते चित्र आजच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे अगदीच ओबडधोबड वाटेल. तरी त्यात मेंदूतील गोल, काळी गाठ स्पष्ट दिसली. शस्त्रक्रिया झाली तेव्हा गाठ चित्रातल्याप्रमाणेच सापडली. त्या वेळी लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला अजून अकरा वर्षे होती.

‘हाउन्सफील्ड एकक’ म्हणजे काय?

प्रत्येक चौकोनाला आकडा द्यायचा, तर मोजायला सुरुवात कुठून करायची? लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन विकणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ओलावा मोजणारे यंत्र एका आडत्याकडे एका शून्यावर आणि दुसऱ्याकडे दुसऱ्या शून्यावर लावलेले असेल, तर त्याच पोत्यातल्या मालाचे दोन आकडे येतील आणि नुकसान शेतकऱ्याचे होईल. माप सर्वांचे एक हवे.

हाउन्सफील्ड यांनी पाणी शून्य मानले. आज वापरल्या जाणाऱ्या मापात हवा म्हणजे उणे १०००. चरबी उणे १०० च्या आसपास, रक्त आणि मांसल भाग शून्याच्या थोडे वर, घट्ट हाड हजाराच्या घरात. हवेने भरलेले निरोगी फुप्फुस साधारण उणे ८०० च्या आसपास येते. जगातील कोणत्याही सीटी यंत्रावर हेच माप चालते आणि त्याला हाउन्सफील्ड एकक, थोडक्यात एचयू म्हणतात.

यातली एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. सुरुवातीच्या ईएमआय यंत्रांवर हवा उणे ५०० धरली जात असे. नंतर माप दुप्पट करून ते उणे १००० झाले. म्हणजे काही काळ उणे ४०० हा एकच आकडा एका मापात जवळजवळ हवा आणि दुसऱ्या मापात आजारी फुप्फुस असा अर्थ देऊ शकत होता. आकड्यासोबत माप कोणते ते लिहिले नाही तर आकडा निरुपयोगी ठरतो. ही अडचण पन्नास वर्षांनी करोनाच्या काळात पुन्हा समोर आली.

फुप्फुसाचा स्कोअर कसा काढतात?

विषाणूमुळे फुप्फुसाला सूज आली की हवेच्या बारीक पिशव्यांत द्रव आणि पेशी साचू लागतात. हवा कमी झाली की तिथला आकडा उणे ८०० वरून शून्याच्या दिशेने सरकतो. पडद्यावर काळ्या फुप्फुसात दुधी काचेसारखा धूसर पट्टा दिसतो. डॉक्टर त्याला ग्राउंड ग्लास म्हणतात. सूज आणखी वाढली की तो भाग पांढरा, घट्ट दिसतो.

उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन, असे पाच भाग असतात. त्यातील प्रत्येक भाग किती व्यापला आहे हे तज्ज्ञ डोळ्यांनी अजमावून ० ते ५ गुण देतात. पाच टक्क्यांहून कमी असेल तर १, पाऊण भागाहून जास्त असेल तर ५. पाचही भागांची बेरीज म्हणजे २५ पैकी स्कोअर. सर्वसाधारणपणे ८ पर्यंत सौम्य, १५ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र असे मानले गेले. ही विभागणीही सगळीकडे अगदी एकसारखी नव्हती.

शिवाय जगात स्कोअरची दुसरी पद्धतही होती. तिच्यात फुप्फुसाचे २० भाग करून प्रत्येकाला २ पर्यंत गुण, म्हणजे एकूण ४० पैकी आकडा. २५ पैकी १५ आणि ४० पैकी १५ यांत मोठा फरक आहे. फोनवर मात्र फक्त १५ सांगितले जायचे.

मग ‘कोरॅड्स’ कशासाठी?

अहवालात आणखी एक आकडा असायचा आणि सर्वाधिक गोंधळ त्याचाच झाला. मार्च २०२० मध्ये नेदरलँड्सच्या क्ष-किरण तज्ज्ञांच्या संघटनेने कोरॅड्स ही श्रेणी तयार केली. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या तज्ज्ञांनीही अहवालासाठी ठरावीक शब्दांचा मसुदा दिला. कारण उघड होते. एक डॉक्टर किंचित संशय लिहितो, दुसरा शक्यता नाकारता येत नाही असे लिहितो. आणीबाणीच्या वॉर्डातल्या डॉक्टरने यातून काय समजायचे?

कोरॅड्स १ म्हणजे करोनाची शंका जवळजवळ नाही, ३ म्हणजे सांगता येत नाही, ५ म्हणजे शंका फार दाट. ६ म्हणजे आरटीपीसीआर आधीच पॉझिटिव्ह आहे. स्कॅनच नीट आलेले नसेल तर ०. आजार किती पसरला आहे याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. कोरॅड्स ५ असलेल्या रुग्णाचा स्कोअर २५ पैकी ३ असू शकतो. तरीही कोरॅड्स ६ वाचून आजार शेवटच्या टप्प्यात गेला असे समजणारी घरे कमी नव्हती.

या श्रेणीला आणखी एक मर्यादा आहे. ती करोनाची साथ जोरात असतानाच्या काळासाठी बनवली होती. इन्फ्लुएन्झासह इतर विषाणूंच्या न्यूमोनियातही दुधी काचेसारखे पट्टे दिसतात. साथ ओसरल्यावर तेच चित्र दुसऱ्या आजाराचे असू शकते.

नांदेड-लातूरकरांना याची किंमत काय पडली?

स्कॅन हा त्या काळात खिशाचाही प्रश्न होता. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने एचआरसीटीचे कमाल दर ठरवून दिले. १६ स्लाइसपेक्षा कमी क्षमतेच्या यंत्रावर २ हजार रुपये, १६ ते ६४ स्लाइससाठी अडीच हजार आणि त्याहून मोठ्या यंत्रावर ३ हजार. तालुक्याहून शहरापर्यंतच्या गाडीचे भाडे त्यात धरलेले नव्हते. शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबाला हा खर्च झेपणारा नव्हता, तरी स्कोअर कळल्याशिवाय जिवाला चैन पडत नव्हते. त्यातून ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशीच स्कॅन करून घेण्याची घाई वाढली. सुरुवातीच्या दिवसांत स्कॅन अगदी स्वच्छ येऊ शकते आणि मग खोटा दिलासा मिळतो.

मे २०२१ च्या सुरुवातीला दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात सीटी टाळावे, असा इशारा दिला. किरणोत्सर्गाबाबत त्यांनी केलेल्या तुलनेला क्ष-किरण तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने हरकत घेतली आणि आधुनिक यंत्रांत किरणांची मात्रा बरीच कमी असते, असे सांगितले. वाद मात्रेचा होता. लक्षणे सौम्य आणि ऑक्सिजन व्यवस्थित असेल, तर नुसत्या आकड्यासाठी स्कॅन करू नये, हा सल्ला मात्र त्यामुळे खोटा ठरत नाही.

स्कोअर त्या दिवशीच्या फुप्फुसाचे चित्र सांगतो. उद्या काय होईल ते तो सांगत नाही. बोटाला लावलेले ऑक्सिमीटर, दम लागणे, तापाचा कितवा दिवस, वय, मधुमेह हे सारे त्याच्या शेजारी ठेवून पाहावे लागते. ८ स्कोअर असून ऑक्सिजन उतरत असलेला रुग्ण हा १४ स्कोअर असून आरामात बोलणाऱ्या रुग्णापेक्षा जास्त काळजीचा असू शकतो.

नोबेलनंतर हाउन्सफील्ड यांनी काय केले?

१९७२ मध्ये सीटीचा शोध जगापुढे मांडला गेला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांत यंत्रे पोहोचली. सुरुवातीला फक्त डोके मावेल एवढेच यंत्र होते. नंतर संपूर्ण शरीराचे आले आणि छातीचे स्कॅन शक्य झाले. नव्या यंत्रात हाउन्सफील्ड स्वतः झोपले आणि स्वतःचेच स्कॅन करून घेतले. मोठ्या कंपन्या या धंद्यात उतरल्यावर ईएमआयला मात्र टिकाव धरता आला नाही.

१९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत मिळाले. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे भौतिकशास्त्रज्ञ कॉरमॅक यांनी याच प्रश्नाचे गणित १९६३-६४ मध्ये प्रसिद्ध केले होते. तेव्हा त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. हाउन्सफील्ड यांनाही ते माहीत नव्हते. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर गाठले होते.

१९८१ मध्ये हाउन्सफील्ड यांना सर ही पदवी मिळाली. त्यांनी लग्न केले नाही. डोंगरांतून लांबवर पायी फिरणे आणि पियानो वाजवणे, एवढीच त्यांची चैन. निवृत्तीनंतरही रुग्णालयांना सल्ला देणे सुरू राहिले.

१२ ऑगस्ट २००४ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कारण होते हळूहळू वाढत गेलेला फुप्फुसाचा जुनाट आजार. ज्या अवयवाचा एकेक कण मोजता येईल असे माप त्यांनी जगाला दिले, तोच त्यांच्याबाबतीत थकला. मोजता आले म्हणून बरे करता येतेच असे नाही, हे या यंत्राच्या जनकालाही चुकले नाही.

पुढच्या वेळी अहवाल हाती आला तर काय पाहावे?

पहिले, स्कोअर किती पैकी आहे ते. दुसरे, श्रेणी आणि स्कोअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवावे. एक शंका किती ते सांगते, दुसरा पसारा किती ते. तिसरे, तारीख. लक्षणे सुरू झाल्यापासून कितव्या दिवशी स्कॅन झाले हे डॉक्टरांना सांगावे. जुने स्कॅन असेल तर तेही सोबत न्यावे. चौथे, फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरेसा नसतो. त्यात मूळ आकडे उरत नाहीत, फक्त काळे-पांढरे चित्र उरते. शक्य असेल तर सीडी किंवा मूळ प्रतिमांची लिंक मागावी. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत, मूळ प्रतिमा हाती असल्या की दुसरा तज्ज्ञ त्याच आकड्यांवरून स्वतःचे मत देऊ शकतो.

कारण सीटी यंत्र कोणत्याही कंपनीचे असो आणि कोणत्याही गावात बसवलेले असो, त्यातला शून्य म्हणजे पाणीच असतो.